भिंतीचा आवाज

शुक्रीच्या मनातली भीती मी बावीस मिनिटांत काढली. हातातल्या घड्याळावर वेळ मोजली होती आणि घरी आल्यावर वहीत लिहूनही ठेवली होती. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. ती वही आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते आणि मी तिला हात लावत नाही.

माझं नाव दक्षा. डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला माझा क्लास होता. घरात आम्ही गुजराती बोलतो, बाजारात आणि कचेरीत मराठी, त्यामुळे कुणाशी कोणत्या सुरात बोलायचं हे मला लहानपणापासून जमतं. लोक म्हणायचे, दक्षाबेनच्या जिभेवर साखर आहे. माझी आई म्हणायची, साखर कसली, वकिली आहे. आधी मी मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचे. २०१४ साली मुंबईच्या एका हॉटेलात सात दिवसांचं शिबिर केलं आणि परत आले ती न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिशनर होऊन. एवढं लांबलचक नाव पाटीवर मावेना, म्हणून पेंटरने नुसतं ‘एनएलपी’ लिहिलं. शेजारचा मेडिकलवाला कित्येक महिने समजत होता की मी विम्याची एजन्सी घेतली आहे.

त्या शिबिरात पहिल्याच दिवशी कोट घातलेल्या सरांनी या विद्येच्या जन्माची गोष्ट सांगितली. पुढे मी स्वतः ती इतक्या वेळा सांगितली की झोपेतही सांगू शकेन. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात एक विद्यार्थी होता. एका नावाजलेल्या मानसोपचारकाच्या ध्वनिफिती ऐकून त्या लिहून काढायचं काम त्याला मिळालं. ऐकता ऐकता तो त्या माणसासारखाच बोलायला लागला, आणि त्याच्या ध्यानात आलं की तसं बोललं की समोरच्यावर परिणाम होतो. मग त्याने भाषाशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकाला गाठलं. दोघांनी मिळून आणखी दोन जणांना निरखलं. एक बाई होती, ती अख्ख्या कुटुंबाला समोर बसवून त्यांच्यातली गाठ सोडवायची. दुसरा एक म्हातारा डॉक्टर, पोलिओने खुर्चीला खिळलेला, गोष्टी सांगता सांगता माणसाला गुंगीत न्यायचा. ही माणसं नेमकं काय करतात? शब्द कोणते, सूर कोणता, श्वास कधी घेतात, हात कुठे ठेवतात? त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ते कुणालाही शिकवायचे, अशी ती कल्पना.

“आपल्याकडे म्हणतात ना, अमक्याच्या हाताला गुण आहे,” सर म्हणाले. “हातगुण वगैरे काही नसतं. नमुना असतो. तो उचलता आला की झालं.” आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सर्वांत शेवटी थांबल्या.

गोष्टीचा पुढचा भाग त्यांनी सांगितला नाही, आणि मीही तो फार उशिरा शोधून वाचला. ते दोघं पुढे बिनसून वेगळे झाले, हक्कावरून प्रकरण कोर्टात गेलं. जी विद्या दुखावलेल्या माणसांसाठी निघाली होती ती विक्रेत्यांच्या आणि मॅनेजरांच्या शिबिरांत जाऊन बसली. नजर कुठे वळते त्यावरून माणूस काय विचार करतोय ते कळतं, असले तिचे दावे अभ्यासकांनी तपासले तेव्हा ते टिकले नाहीत. हे सगळं इंटरनेटवर होतं. मला ते वाचायचं नव्हतं, हे आज सरळ कबूल करते. पाटीवर नाव चढलं होतं, लोक मान द्यायला लागले होते, आणि मला ते आवडत होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकायची. आम्ही सगळे नकलेची नक्कल करत होतो. त्या दोघांनी खऱ्या माणसांना निरखलं होतं, आणि मी मात्र कोटवाल्या सरांनी वाटलेल्या झेरॉक्स वाचून शिकवत होते. आपणही आपल्या मुलखातलं असं माणूस शोधावं, निरखावं, त्याचा नमुना काढावा, ही इच्छा माझ्या डोक्यात बसली. २०१६च्या डिसेंबरात क्लासमधल्या गंजाडच्या एका मुलीने मला बुधीबाईचं नाव सांगितलं.

बुधीबाई सत्तरीची, भातशेतीत जन्म गेलेली, कमरेत वाकलेली. ती भगत नव्हती. तिच्या अंगात देव येत नसे, तांदूळ टाकून ती काही बघत नसे. ज्याला कसलं भय बसलंय त्याच्याकडे ती जायची, त्याच्याबरोबर राहायची आणि त्याचं भय जायचं, एवढंच लोक सांगत. मी चित्रीकरण करू का विचारलं तेव्हा ती म्हणाली, “फोटू काढ, शिनेमा काढ. मधी बोलू नको.”

तेव्हा हाल्या नावाच्या तरुणाचं चाललं होतं. त्याचा भाऊ विहिरीत पडून गेला होता आणि तेव्हापासून हाल्या विहिरीकडे फिरकत नव्हता. त्याची बायको एकटी पाणी ओढून थकली होती. बुधीबाई त्याच्या समोर उकिडवी बसली. हाल्याचा श्वास जोरात चालला होता, तर हिचाही तसाच चालायला लागला. मग हिने आपला श्वास हळूहळू सावकाश केला, आणि त्याचाही सावकाश झाला. तो जे शब्द वापरी तेच ती त्याला परत देई. शेवटी तिने त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि ठरलेल्या सुरात चार वाक्यं म्हटली. शिबिरात आम्हाला जे शिकवलं होतं ते ही बाई अक्षरओळखही नसताना तंतोतंत करत होती.

दोन दिवसांचं मिळून सहा तासांचं चित्रीकरण झालं. त्यातला बराच वेळ ती दोघं नुसती चालत होती, विहिरीच्या कडेला बसली होती, तिच्याभोवती फिरत होती. मी मोबाइल तिवईवर लावून ठेवला होता आणि लांब बांधावर बसून चणे खात होते. घरी आल्यावर मी तो रिकामा वेळ कापून टाकला. सहा तासांतून अकरा मिनिटं उरली. त्यात श्वास होता, शब्द होते, सूर होता, खांद्यावरचा हात होता. त्याला मी ‘बुधी पद्धत’ असं नाव दिलं. वापीला, नाशिकला, जिथे बोलावतील तिथे ती अकरा मिनिटं दाखवली. गंजाडची ती फाटक्या लुगड्यातली बाई पडद्यावर दिसली की लोक गहिवरायचे. कापलेल्या भागात काय होतं असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

२०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूला जास्त, पण तलासरी आणि डहाणू दोन्ही तालुक्यांत जाणवायचं. आधी खालून घरघर यायची, मग हादरा. कधी आठवडाभर शांत, कधी एका दिवसात चार. सरकारी लोक यंत्रं लावून गेले. शाळा अंगणात भरायला लागल्या. थंडीचे दिवस, आणि पाड्यापाड्यांतली माणसं प्लास्टिक टाकून घराबाहेर राहायला लागली. त्या वेळी इथल्या एका संस्थेतून मला फोन आला. “लोक फार घाबरलेत, दक्षाबेन. पोरंबाळं गारठतायत. तुमची ती पद्धत आहे ना, ती करा काहीतरी.” त्यांनी यादी दिली. जानेवारी २०१९मध्ये मी पाड्यांवर जायला लागले. यादीत सातवं, शेवटचं नाव शुक्रीचं होतं.

तलासरीच्या वाटेवर मुख्य रस्त्यापासून आत तिचा पाडा. शुक्री सव्वीस वर्षांची, चिकूच्या वाडीत फळं निवडायच्या कामाला जायची. तिच्या नवऱ्याचं नाव चिमण. चिमणने वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आठ हंगाम दुसऱ्यांसाठी विटा थापल्या होत्या. मग गावी परतून त्याने स्वतःच्या विटा थापल्या, स्वतः भाजल्या आणि कारवीच्या कुडाचं जुनं घर पाडून त्या जागी विटांचं घर उभं केलं. त्या पाड्यातलं ते पहिलं विटांचं घर. सिमेंट फक्त बाहेरच्या गिलाव्याला पुरलं होतं, आतले थर मातीतच बसवले होते. पण बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नव्हतं, आणि वरून त्याने निळा रंगही दिला होता.

पहिला हादरा बसला तेव्हा शुक्री बाहेर पळाली ती परत आत राहायला गेलीच नाही; काही आणायला गेली तरी लगेच बाहेर यायची. चूल अंगणात, अंथरूण अंगणात. तिच्याबरोबर तिची सासू ठकीही बाहेर. ठकीला मोतीबिंदूमुळे उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. शुक्रीची स्वतःची आई ती लहान असतानाच गेलेली. सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ठकीने तिला जवळ घेतलं, आणि तेव्हापासून ती तिला आयच म्हणायची. “ही जिथं, तिथं मी,” ठकी मला म्हणाली आणि खोकायला लागली. तिचा खोकला छातीत खोल उतरला होता. रोजच्या थंडीने तो वाढत चालला होता.

“बेन, तुम्ही सांगा हिला,” चिमण म्हणाला. “लोक हसतात मला. घर बांधलं नि बायको अंगणात. पण त्याचं जाऊ दे. म्हातारी मरंल बाहेर. ही आत गेली तर ती जाईल, नायतर नाय जायची.” तो खरं बोलत होता. आईच्या काळजीने त्याचा चेहरा ओढला होता. आंब्याखाली मी शुक्रीला समोर बसवलं आणि घड्याळ बघितलं.

“कशाची भीती वाटते, शुक्री?”

“भिंतीची.”

“भिंत पडताना डोळ्यांपुढे दिसते का?”

“दिसत नाय. ऐकू येते.” तिने मागे वळून घराकडे बघितलं. “आतून आवाज येतो. सुपातून वाळू सांडते ना, तसा. मी आत गेली का येतो. हात लावला का जास्त येतो.”

“उंदीर असतील,” चिमण म्हणाला.

भिंत माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर होती. मी उठले नाही. आमच्या विद्येत असं सांगतात की कुणाचं मन चित्रांत विचार करतं, कुणाचं आवाजांत, कुणाचं स्पर्शांत. मी वहीत लिहिलं, ‘आवाजप्रधान’. मला आनंदच झाला, कारण आवाजावर काम करायची रीत मला पाठ होती.

“डोळे मिट,” मी म्हटलं. “हात गुडघ्यांवर ठेव. तो आवाज ऐकू येऊ दे. आता समज की तुझ्यापुढे रेडिओ आहे आणि त्याला आवाजाचं बटण आहे. आवाज त्या रेडिओतून येतोय. बटण तुझ्या हातात आहे. फिरव. बारीक कर. आणखी बारीक. आता तो रेडिओ उचलून लांब ठेव, पार त्या चिंचेपलीकडे.” तिचा श्वास जोरात चालला होता; मी माझाही तसाच केला, मग सावकाश केला. तिचाही सावकाश झाला. दहा वेळा तिच्याकडून बटण फिरवून घेतलं. शेवटी बुधीबाईसारखा तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच सुरात ती चार वाक्यं म्हटली.

शुक्रीने डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. ते खोटं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत तिने खांदे पहिल्यांदाच सैल सोडले असतील. मी तिला हाताला धरून दारापर्यंत नेलं. ती आत गेली. भिंतीवर तळवा टेकवला.

“येतो आवाज?” मी विचारलं.

तिने तळवा आणखी घट्ट दाबला. “येतो. पण बारीक. लांबून येतो.”

“शाब्बास,” मी म्हटलं.

बाहेरून ठकीची हाक आली, “शुक्री, मी येऊ का गं?” शुक्री बाहेर गेली, म्हातारीचा हात धरला आणि उंबरठ्यावर तिचं पाऊल आपल्या हाताने उचलून ठेवत तिला घरात घेऊन आली. चिमणने आईचं अंथरूण आतल्या भिंतीशी टाकलं, कारण तिथे वारा लागत नव्हता. मला त्यांनी गुळाचा काळा चहा दिला. निघताना शुक्री माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला उठवलं आणि म्हटलं, हे सगळं तूच केलंस. आम्ही सगळ्यांना असंच म्हणतो.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी दुपारी हादरा बसला. फार मोठा नव्हता. डहाणूत माझ्या टेबलावरचा ग्लास थरथरला, मुलं हसली, आणि मी धडा पुढे चालू केला. पाड्यावर त्या वेळी शुक्री हातपंपावर पाणी भरत होती. चिमण शेतावर होता. ठकी जेवून भिंतीशी आडवी झाली होती. पंपावरून शुक्रीला आधी भिंतीचा आवाज आला आणि त्यातच आयची हाक आली. तिचंच नाव, एकदाच. ती घागर टाकून धावली.

चिमणने आईवर पडलेल्या विटा आपल्या हातांनी उपसल्या. पाड्यातले लोक धावून आले तोवर त्याची नखं फुटली होती. गिलाव्याच्या आत मातीचे सांधे सुटून त्यांचा भुगा झाला होता, आणि गेले अडीच महिने प्रत्येक हादऱ्यासरशी तो भुगा आतल्या आत खाली झिरपत होता, असं नंतर बघायला आलेल्या गवंड्याने सांगितलं. सुपातून वाळू सांडावी तसाच त्याचा आवाज येतो, हे त्याने मी न विचारता सांगितलं.

ठकी गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी पाड्यावर गेले. त्याआधी जायचं धैर्य झालं नाही. चिमणने शेजारून माझ्यासाठी खुर्ची मागून आणली. त्या खुर्चीवर बसवेना आणि नको म्हणवेना. शुक्री आंब्याखाली बसली होती, तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत खाली घातली. मी चिमणला बाजूला घेऊन म्हटलं, “चूक माझी आहे. तिला आवाज येत होता, मी तो बंद करायला लावला. मी उठून भिंत बघितली नाही.”

तो हाताला गुंडाळलेल्या चिंध्यांकडे बघत राहिला. “विटा माझ्या होत्या, बेन,” तो म्हणाला. “तुम्ही कशाला घेता.” त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाली मान घालून ऐकल्या असत्या. रस्त्यापर्यंत तो मला सोडायला आला.

घरी येऊन मी बुधीबाईचं न कापलेलं चित्रीकरण संगणकावर शोधून काढलं. सहाही तास बघितलं. विहिरीशी बुधीबाई हाल्याला नुसती बसवून ठेवत नव्हती. ती काठाचा एकेक दगड टाचेने दाबून बघत होती आणि हाल्यालाही दाबायला लावत होती. चौदावा की पंधरावा दगड हलला. ती वाकली, हाताने हलवून बघितला आणि त्याला म्हणाली, “हे भेव खरं हाय. हे टाकू नको.” मग दोन माणसं बोलावली. तो दगड काढून नीट बसवला, त्याच्या कडेने खडी ठासली. हाल्याने स्वतः त्यावर उभं राहून बघितलं. तरी तो थरथरत होता. तेव्हा बुधीबाई म्हणाली, “आता राहिलंय ते नुसतं वारं हाय. ते काढू.” तो श्वास, ते शब्द, तो खांद्यावरचा हात, सगळं दुसऱ्या दिवशी, दगड पक्का झाल्यावर.

जो वेळ मी रिकामा समजून कापला होता त्यातच तिचं सगळं काम होतं. शेवटची अकरा मिनिटं तिच्या दृष्टीने केर काढल्यासारखी होती. आणि मी तो केरच गोळा करून गावोगाव दाखवत फिरले. मला माझी किळस आली. संस्थेला फोन करून मी सगळं सांगितलं आणि यादीतल्या पहिल्या सहा घरांच्या भिंती त्याच आठवड्यात गवंडी घेऊन जाऊन तपासल्या. दोन घरांना टेकू लावावे लागले. पाटी मी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. क्लासात परत नुसतं इंग्रजी शिकवायला लागले.

ऑक्टोबरात, भातकापणी सुरू व्हायच्या आधी, शुक्री जीपने डहाणूला आली आणि विचारत विचारत माझ्या क्लासपर्यंत पोचली. सकाळची वेळ होती, मुलं नुकतीच गेली होती. ती वाळली होती. मी तिला पाणी दिलं, ते तिने सगळं पिऊन टाकलं.

“मॅडम, तुमच्याकडे काम होतं,” ती म्हणाली.

“बोल.”

“भिंत पडली ना, त्याचा आवाज जात नव्हता माझ्या कानातून. चिकू निवडताना यायचा. भाकर थापताना यायचा. मी कामाला जायचीच बंद झाली. मग मी तुम्ही शिकवलं तसं केलं. डोळे मिटले, रेडिओ ठेवला, बटण फिरवलं. दहा वेळा. रोज करायची. एक महिना केलं.” तिने हाताने बटण फिरवून दाखवलं. “गेला आवाज. पूर्ण गेला.”

मी तिचा रिकामा ग्लास परत भरला.

“पण मॅडम, त्याच आवाजात आयची हाक होती. ती पण गेली. मला वाटलं, ती एकच गेली असंल, बाकीच्या असतील. पण बाकीच्या पण नाय. सकाळी उठवायची तेव्हाची नाय, जेवायला बोलवायची ती नाय. तिचं तोंड हलताना दिसतं मला, खोकताना दिसते. आवाज नाय येत.” ती हे न रडता, हिशोब सांगावा तसं सांगत होती, आणि मला ते ऐकवत नव्हतं. “घरात कुणाकडे तिचा आवाज भरलेला नाय. मोबाइल नव्हता तेव्हा आमच्याकडं. चिमणला विचारलं, तर तो म्हणतो मला येतो ऐकू. मलाच येत नाय.”

“शुक्री...”

“तुम्ही बटण परत फिरवा. मोठं करा. भिंत आली तरी चालंल मला. भिंतीबरोबर ती येईल ना.”

तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी राग शोधला, तो नव्हता. पूर्ण विश्वास होता. त्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

“मला ते येत नाही, शुक्री,” मी म्हटलं. “खरंच येत नाही. तेव्हाही मला काही येत नव्हतं. तुला यायचा तो आवाज खरा होता, मी ऐकायला हवा होता.”

तिने मान हलवली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. “येतं तुम्हाला. माझी भीती गेली ना.”

मग तिने आपली खुर्ची माझ्यापुढे ओढली. पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. तिचा श्वास सावकाश झाला. मी सुरुवात करीन म्हणून ती तशीच बसून राहिली.